उसनी भीती

"आज मला लिफ्टमध्ये भीती वाटली," तो दारात बूट काढता काढता म्हणाला, आणि तिला आधी वाटलं की तो दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलतोय. रोज कुणीतरी अडकायचं, रोज कुणाला तरी भीती वाटायची, आणि संध्याकाळी घरी आला की तो ते सांगायचा. आज एक वकीलसाहेब अडकले होते, बाहेर आले ते भांडतच आले; आज एक आजीबाई होत्या, त्या आतून मलाच धीर देत होत्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरात असल्या गोष्टींना काय तोटा. पण आत्ता दुपार होती. आठवड्याची सुट्टी म्हणून ती घरी होती, बाल्कनीतले वाळलेले कपडे काढत होती, आणि हा कामावरून अर्ध्यातच उठून आला होता. कपाळावर घाम. एक बूट निघाला होता आणि दुसऱ्याची लेस हातात धरून तो तसाच भिंतीला टेकला होता. छातीत धडधडतंय, म्हणाला. श्वास पुरत नाही. हातापायांतलं बळ गेल्यासारखं झालंय. लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होतो आणि एकदम वाटलं, इथून बाहेर पडायला हवं, आत्ताच्या आत्ता. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. हे शब्द त्याचे नव्हतेच. ते तिचे होते, जसेच्या तसे. इतकी वर्षं ती ते सांगत आली होती आणि तो ऐकत आला होता, आणि आज तेच तोंडात घेऊन तो तिच्यासमोर उभा होता. समोरची भिंत उठून चालायला लागली असती तरी ती इतकी हबकली नसती.

कारण भीती हा या घरात तिचा प्रांत होता. त्यात त्याचं काम फक्त दाराबाहेर उभं राहून बोलायचं. त्यांची ओळखच मुळी तशी झाली होती. एका कामासाठी ती कुठल्याशा इमारतीत गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, दिवा गेला, आणि तिनं दारावर मुठी आपटायला सुरुवात केली. बाहेरून एक आवाज आला, घाई नसलेला. बाई, आत हवा भरपूर आहे. दोर तुटत नाही. मी इथंच आहे, कुठं जात नाही. तुम्ही मला एवढंच सांगा, तुमच्या पायात काय आहे? तिनं मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर एका पायात काळी चप्पल आणि दुसऱ्या पायात तपकिरी. सकाळच्या घाईत तिनं दोन जोड्यांतली एकेक चढवली होती आणि दिवसभर कुणी बोललं नव्हतं. तिला हसूच फुटलं. दार उघडलं तेव्हा त्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे, आणि तिच्या मैत्रिणींचं म्हणणं असं की लग्न तिथंच ठरलं, बाकीचं सगळं नंतरचं. माणूस घाबरला की त्याला त्याच्या पायाशी आणायचं, हा त्याचा कामावरचा शोध होता. तो कुणी शिकवला नव्हता.

लग्नाला दोनेक वर्षं झाली आणि भीती आली. कारण विचाराल तर काही नाही. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. त्या दिवशी काच चाकावर धरली होती आणि धरलेले हात एकदम दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले. मग धडधड, घाम, बोटांना मुंग्या, घशात गोळा. मग दवाखाने. हृदयाचा आलेख झाला, छातीचा फोटो झाला, रक्त तपासून झालं, आणि सगळं स्वच्छ. स्वच्छ रिपोर्ट हातात घेऊन ती घरी यायची आणि मनात म्हणायची, म्हणजे यांना सापडत नाहीये. घरात दोन थर्मामीटर झाले, कारण पहिल्यावर तिचा विश्वास नव्हता. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आलं. रस्त्यात कुणी शिंकलं की संध्याकाळपर्यंत तिचा घसा धरायचा, आणि खरोखर धरायचा, सोंग नव्हतं. अंग मोडून यायचं, थंडी वाजायची, कपाळ गरम लागायचं. शेवटी समुपदेशक मॅडम भेटल्या. त्या म्हणाल्या, तुमचं शरीर खोटं बोलत नाही, घाम खरा आहे, धडधड खरी आहे, तुम्ही त्याला नाव चुकीचं देता एवढंच. मोजणं बंद करा. ताप मोजायचा नाही, नाडी मोजायची नाही, मोबाईलवर आजार शोधायचे नाहीत. आणि खरंच आजारी पडले तर? तिनं विचारलं होतं. ते तुम्ही ठरवायचं नाही, मॅडम म्हणाल्या, घरात शांत डोक्याचं कुणीतरी असेल, त्यानं ठरवायचं. दोघींनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीत कान कोरत बसला होता.

तेव्हापासून घरात तो कायदा झाला. मोजायची सगळी साधनं त्यानं एका पिशवीत भरली आणि देऊन टाकली. तिला काही झालं की तो समोर स्टूल ओढून बसायचा, तिच्याकडे बघायचा, दोन-चार प्रश्न विचारायचा, आणि मग म्हणायचा, "भीती आहे." की संपलं. तिनं पाय जमिनीवर टेकवायचे, तळहात टेबलावर ठेवायचा, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. फार क्वचित तो म्हणायचा, डॉक्टरकडे जाऊ. एकदा कावीळ निघाली होती, ती त्यानं तिच्या आधी ओळखली. त्याचा निकाल कधी चुकला नाही. भीती आहे असं त्यानं म्हटलं की ती असायचीच, आणि तिच्या बाजूनं अपील नव्हतं. निकाल देणाऱ्यालाच काही झालं तर निकाल कुणी द्यायचा, हे मात्र तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणून त्या दुपारी दारात उभं राहून त्यानं भीती म्हटलं, आणि ते तिनं कोर्टाचा शिक्का असावा तसं मान्य केलं.

आणि मग तिला आनंद झाला. हे तिला नंतर आठवलं तेव्हा शरमेनं कान तापले, पण झाला होता, खोटं कशाला. इतकी वर्षं ती एका बंद खोलीत होती आणि हा बाहेरून बोलत होता. प्रेमानं बोलत होता, पण बाहेरूनच. आता तो आत आला होता. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, दुसरा बूट तिनंच काढला, त्याचे पाय जमिनीवर टेकवले. आता मी सांगते तसं कर, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजाला असा काही अधिकार आला की तिची तीच चकित झाली. घशात गोळा येतोय? येणार. बोटांना मुंग्या? त्या येतातच, घाबरायचं नाही. आपण आता मरणार असं वाटतंय? तसं वाटल्याशिवाय ती भीती कसली. तो मुकाट्यानं मान डोलवत होता, श्वास सोडत होता. मधूनच ओठाच्या कोपऱ्यात हसत होता, आणि ते हसू तिला फार गोड वाटलं. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. भूक मरतेच, तिनं सांगितलं. अंग दुखतंय म्हणाला. दिवसभर स्नायू आवळून धरलेत, दुखणार नाहीत तर काय. खोकला सुरू झाला तर म्हणाली, घसा कोरडा पडतो, मला नाही का व्हायचं. प्रत्येक लक्षणाला तिच्याकडे घर होतं. तिनं ती सगळी आत घेतली, एकालाही दाराबाहेर उभं केलं नाही. त्याच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते गरम लागलं. पण स्वतःचं कपाळ तिला हजार वेळा गरम लागलं होतं आणि हजारही वेळा ताप नव्हता. ताप ओळखायचा हक्क तिच्या तळहातानं केव्हाच गमावला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. तो म्हणाला, जा, मी पडून राहतो. काचा घासताना ती गुणगुणत होती, तर मालकीणबाईंनी विचारलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. ती हसली. सकाळपासून आपण एकदाही स्वतःच्या छातीकडे लक्ष दिलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. शेजारच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक सारखं शिंकत होतं आणि तिचा घसा जागच्या जागी होता. एखादी जुनी दाढ काढल्यावर जीभ सारखी त्या जागी जाते, तशी ती दिवसभर भीती होती ती जागा चाचपत होती, आणि तिथं काही नव्हतं. तिला वाटलं, वाटली गेली म्हणून कमी झाली असेल. दोघांत निम्मी निम्मी. संध्याकाळी ती जवळजवळ धावतच घरी गेली. तो खिडकीजवळ उशीला टेकून बसला होता, गालांवर लाली होती, डोळे चमकत होते, आणि लग्नाच्या सुरुवातीला दिसायचा तसा दिसत होता. ती त्याच्या पायाशी बसली आणि कधी नव्हे ते बोलत सुटली. भीती आत कशी असते, कुठून चढते, ती आल्यावर माणसं किती लांब दिसतात. जे इतक्या वर्षांत सांगून सांगून सांगता आलं नव्हतं ते सगळं, कारण आता समोरच्याला भाषा येत होती. मध्येच तो म्हणाला, "अगं, एक सांगू का," आणि तिनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. बोलू नकोस, नुसता श्वास सोड. त्यानं सोडला. त्या वेळी खोलीत इतकं बरं वाटत होतं की दिवा लावायलाही ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. जेवणाची वेळ टळून गेल्यावर तो झोपला आणि ती शेजारच्या खुर्चीत बसून त्याच्या शर्टाचं बटण लावत होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पीं पीं चालली होती. पीं पीं थांबली, आणि थांबल्यावर तिला दुसरा एक आवाज ऐकू आला. बारीक, घाईचा, घासल्यासारखा. आधी वाटलं पंखा. पण पंखा बंद होता. तिनं मान वर केली. तो गाढ झोपेत होता, तोंड उघडं होतं, आणि त्याच्या गळ्याशी जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, बाहेर येत होता, पुन्हा आत. ती एक श्वास घेई तेवढ्यात त्याचे दोन होऊन तिसरा निघत होता. सुई तिच्या हातात तशीच राहिली. कारण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, आणि ती त्यानंच तिला सांगितली होती, तिच्या अगदी वाईट दिवसांत. तू जागेपणी कितीही तडफड, तो म्हणाला होता, पण एकदा झोपलीस की श्वास अगदी संथ चालतो, मी बघतो ना. भीतीलाही झोप लागते. आणि हा झोपला होता. हा झोपला होता आणि त्याचा श्वास धावत होता. मग जागं कोण आहे? तिच्या डोक्यात काही फुटलं नाही की काही नाही, उलट सगळं एकदम भयंकर स्वच्छ झालं. तिनं त्याचा हात उचलला. नखं निळसर होती. तिनं त्याच्या कपाळावर तळहात ठेवला, आणि तो भाजला, आणि तो पहिल्या दिवसापासून भाजत होता. तिनं हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडायला फार वेळ घेतला. मग म्हणाला, "लिफ्ट... कितव्या मजल्यावर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. फोनवर अॅम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगताना तिनं मजला चुकीचा सांगितला आणि मग आपणच जिन्यात धावत जाऊन माणसांना वर आणलं. तिच्या तोंडावर कुणीतरी मास्क चढवला. इस्पितळात डॉक्टर तरुण होत्या, बोलायला सौम्य होत्या. विषाणूचा संसर्ग आहे, त्या म्हणाल्या, दोन्ही फुप्फुसांत उतरलाय, ऑक्सिजन बराच खाली आहे. ताप कधीपासून? तिला सांगता येईना. किती होता? आमच्या घरी मोजत नाहीत, ती म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, कळलं नाही म्हणून. मला वाटलं भीती आहे, ती म्हणाली. कुणाला? डॉक्टरांनी विचारलं. मग त्यांनीच हळूच सांगितलं की धडधड, धाप, घाम, गळाठा दोन्हीकडे सारखाच असतो, नुसत्या डोळ्यांनी चांगले चांगले फसतात. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, कदाचित यंत्रावर ठेवावं लागेल. त्या समजुतीनं बोलत होत्या, पण तिला त्या समजुतीचाच त्रास झाला. कुणी खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर लांब्या बसला होता. लांब्या म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार, उंचीनं ताडमाड, दारातून वाकून जायची सवय असलेला. हा फोन उचलत नाही म्हणून तो घरी गेला होता आणि शेजाऱ्यांकडून कळल्यावर तसाच इकडे आला होता. त्यानं टोपी हातात चुरगाळली होती. ती त्याच्या शेजारी बसली. मग ती म्हणाली, त्याला लिफ्टच्या टपावर भीती वाटली तेव्हा तुम्ही तिथं होता ना, तेव्हा कसा होता तो?

"कसली भीती, वहिनी? त्याला ताप होता. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. मीच म्हटलं, दवाखान्यात जा."

मग त्याला थांबता येईना, किंवा थांबायला हवं हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिचा नवरा त्याला म्हणाला होता की घरी ताप हा शब्द काढायची सोय नाही. सध्या जरा कुठं तिला बरं वाटायला लागलंय, आणि हे असलं, साथीचं, ऐकलं तर ती उभीच राहायची नाही. दोन दिवस पडून राहिलो की उतरेल. तोवर भीती वाटली म्हणून सांगतो. ते तिला कळतं. लांब्यानं टोपी सरळ केली आणि पुन्हा चुरगाळली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, तो म्हणाला, नवराबायकोत काय बोलणं होतं ते आपल्याला काय माहीत.

ती उठली आणि समोरच्या भिंतीपर्यंत गेली, कारण कुठंतरी जाणं भाग होतं. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तो आत आलाच नव्हता. त्या तीन दिवसांत तो खोलीत तिच्याबरोबर नव्हता, दाराबाहेरच उभा होता, नेहमीसारखा, आणि आत हवा भरपूर आहे असं सांगत होता, आणि त्याच्याकडचीच हवा संपत होती. तिनं श्वास सोड म्हटलं की तो सोडत होता, जो घेताच येत नव्हता तो. ओठाच्या कोपऱ्यातलं ते हसू. एक सांगू का, असं म्हणाला होता, आणि तिनं बोट ठेवलं होतं. त्याचं तोंड बंद केलं होतं, लाडानं. मागोमाग राग आला. आधी स्वतःचा, आणि मग, हे तिलाही अनपेक्षित होतं, त्याचा. कुणी विचारलं होतं त्याला? कुणी ठरवलं की तिला इतकं सांभाळायचं, जिवापेक्षा जास्त? इतकी वर्षं तिच्याकडे बघून तो जो निकाल देत होता तो तिच्या छातीबद्दल होता, घशाबद्दल होता असं ती समजत होती. खरा निकाल हा होता. हिला खरं सांगता येत नाही. तोही त्यानं कधीच दिला होता आणि त्यावरही अपील नव्हतं. छाती आवळत आली, बोटांना मुंग्या आल्या, घसा धरला. ही आजाराची लक्षणं असतील, नसतील, त्याच्याजवळ तीन दिवस बसली होती ती. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. आता वेळ नव्हता.

संध्याकाळी परिचारिका आली आणि म्हणाली, दोनच मिनिटं, आणि त्यांना बोलायला लावू नका. काचेचं दार, पडदा, आणि पडद्यामागे तो. इतका मोठा माणूस पलंगावर हरवून जावा इतका लहान झाला होता. तोंडावर मास्क बांधला होता, त्यातून सूं सूं आवाज येत होता, आणि वर एका मॉनिटरवर त्याचे सगळे आकडे उघडे पडले होते. ती आत आली तशी त्याची नजर आधी तिच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथं काहीतरी शोधू लागली. ती नजर तिला पाठ होती. तो बघत होता की हिला किती झेपेल. मग त्यानं हात उचलला, मास्क थोडा बाजूला केला, आणि प्रत्येक शब्दाला थांबत म्हणाला,

"घाबरू... नकोस."

तिनं मास्क त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा त्याच्या तोंडावर नीट बसवला, कानामागचा पट्टा ओढून.

"घाबरणार," ती म्हणाली. "तू मरशील अशी मला भीती वाटतेय. मला घाबरू दे. आता तरी मला घाबरू दे रे."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं, इतक्या वर्षांचं, ते दाराबाहेरच्या माणसाचं काहीतरी सैल झालं, आणि त्याच्या खाली जे होतं ते तिनं कधीच पाहिलं नव्हतं. त्याची हनुवटी मास्कच्या आत लहान मुलासारखी हलायला लागली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. त्यानं मास्क काढला नाही, पण तिला ऐकू आलं.

"मला पण," तो म्हणाला.

परिचारिका पडदा सारून म्हणाली की वेळ झाली. ती हो म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.